आमच्या देवघरातला वीर

पितृपक्ष जवळ आला की आमच्या सासरी एक विषय दरवर्षी निघतो, वीराचा म्हाळ चतुर्दशीला घालायचा की अमावस्येला. चतुर्दशी ही शस्त्राने गेलेल्यांची आणि तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री, हा सगळ्यांचा साधा हिशोब. पण आमचे वीर या हिशोबात नीट बसतच नाहीत. ते पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत होते, लढाईला गेले होते, एकामागून एक लढाया झाल्या त्यातून जिवंत वाचले, आणि मग शत्रूच्या कैदेत हगवणीने आणि उपासमारीने कुठेतरी परमुलखात गेले. त्यांना जाताना आपल्यातल्या कोणी पाहिलं नाही. मग त्यांना शस्त्राने गेलेले म्हणायचं का? सासरे म्हणायचे, लढाईला गेला म्हणजे शस्त्रानेच गेला. सासूबाई म्हणतात, भुकेने मेलेल्या माणसाला शस्त्राचा मान देऊन त्याची भूक भागणार आहे का, अमावस्येलाच घाला आणि पोटभर घाला.

मला सासूबाईंचं पटतं. का पटतं, ते जरा सविस्तर लिहायचंय.

हे वीर म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पणजोबांचे धाकटे भाऊ. गाव खटाव तालुक्यातलं, पाऊस कमी, जमीन थोडी आणि भाऊ जास्त. आमच्याकडे त्यांचा उल्लेख नावाने फारसा होतच नाही, 'बसऱ्याला गेलेले' असंच म्हणतात. इराकमधली सगळी लढाई आमच्या गावासाठी बसराच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा देवघरात खंडोबा, भैरोबा, तुळजाभवानी यांच्या टाकांबरोबर एक छोटा चांदीचा टाक दिसला, घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. वीराचा टाक मला नवीन नव्हता, माझं माहेर नाशिकचं, धुळवडीला वीरांची मिरवणूक बघत मोठी झाले, खोबऱ्याच्या वाटीत टाक घेऊन लोक गोदावरीवर जातात ते लहानपणापासून पाहिलेलं. पण माहेरचे वीर कुठल्या तरी पेशवाईतल्या पिढीतले, त्यांच्याबद्दल कोणाला काहीच ठाऊक नसायचं. इथे मात्र सासूबाई सहज म्हणून गेल्या की यांची बायको मी पाहिलीय, माझ्या हातचा चहा प्यायची.

त्या बायकोला घरात सगळे काकी म्हणायचे. लग्न झालं तेव्हा त्या लहानच होत्या, न्हाण यायचं होतं, त्यामुळे नवऱ्याबरोबर संसार असा झालाच नाही. तो रजेवर आला होता तेव्हा एकदा त्याने गूळ-शेंगदाणे दिले होते एवढी एकच आठवण त्या सांगायच्या. पुढे सत्तर-पंच्याहत्तर वर्षांच्या होऊन गेल्या. म्हणजे एवढं आयुष्य एका मूठभर शेंगदाण्यांच्या आठवणीवर काढलं असं कोणी लिहील, पण तसं नाही, त्यांनी ते आयुष्य शेतात राबून, दिराची पोरं वाढवून काढलं, आणि हेही सांगितलंच पाहिजे.

आता इतिहास. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, पण या माणसामुळे गेली कित्येक वर्षं मिळेल ते वाचत आले.

1914च्या नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने महायुद्धात उतरलं आणि इंग्रजांनी लगेच इराणच्या आखातात फौज उतरवली. कारण तेल. अबादानचा तेलाचा कारखाना सांभाळायचा होता. ही फौज होती सहावी डिव्हिजन, तिचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी तीन होत्या, 103, 110 आणि 117, शिवाय खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे खंदक-पूल बांधणाऱ्या पलटणीची, माणसं होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर इकडची पोरं. या पलटणींत दख्खनी मुसलमानही असायचे हे आपण आता विसरलो. शिपायाचा पगार महिना 11 रुपये. तेव्हा कोरडवाहू रानाच्या मालकाला हे 11 रुपये काय वाटत असतील ते आमच्या तालुक्यात कोणालाही विचारा. देशासाठी गेले, राजासाठी गेले असलं काही मला लिहायचं नाही. घरात खाणारी तोंडं जास्त होती म्हणून गेले. पुढे जे झालं ते बघता हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे.

सुरुवातीला सगळं सोपं गेलं. बसरा महिन्याच्या आत हातात आलं, मग कुर्ना, मग 1915च्या एप्रिलमध्ये शैबाची मोठी लढाई. उन्हाळ्यात अमारा, सप्टेंबरअखेर कुत. आणि मग वरच्या साहेबांना वाटलं आता बगदाद काय लांब आहे. माणसं दमलेली, आजारी, नदीवर बोटी पुरेशा नाहीत, दवाखान्याची सोय नाही, आणि तरी पुढे पाठवलं. नोव्हेंबरात टेसिफॉनला, तिथल्या लोकांच्या बोलीत सलमान पाकला, तुर्कांशी गाठ पडली आणि चार-साडेचार हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीतून उघड्या बोटींवर गुरासारखं रचून बसऱ्याला आणलं, कित्येक दिवस पट्ट्या बदलल्या नाहीत. यावर पुढे इंग्लंडात मोठा गवगवा झाला, चौकशी आयोग बसला, 1917 साली त्याचा रिपोर्ट आला आणि भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. मंत्री गेला, बस. ज्यांचे पाय कापले गेले त्यांना काय मिळालं ते वेगळं सांगायला नको.

उरलेली फौज मागे हटत हटत 3 डिसेंबरला कुतला आली आणि 7 डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा घातला. गाव टायग्रिस नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंना पाणी, चौथीकडे खंदक. हा वेढा 147 दिवस चालला. सोडवायला बसऱ्याकडून फौजा येत राहिल्या, शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नायात, प्रत्येक ठिकाणी अडकल्या, आणि आतल्या तेरा हजारांना सोडवण्याच्या नादात बाहेर तेवीस हजारांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मला काही सुचत नाही.

वेढ्यातल्या भुकेबद्दल मात्र मी थांबून लिहिणार आहे, कारण आमच्या घरातली मुख्य गोष्ट तीच आहे.

धान्य संपत आलं तसं रेशन कमी होत गेलं, एप्रिलच्या मध्यावर माणशी चार-पाच औंस पिठावर आलं, म्हणजे एक-दोन भाकरींचं पीठ, दिवसभरासाठी. भाजी नाहीच. शिपाई खंदकाच्या मागे उगवलेलं गवत, रानपाला खुडून उकडून खायचे. खटावच्या माणसाला दुष्काळात पाला उकडून खाणं नवीन नव्हतं, पण आपल्या रानातला पाला ओळखीचा असतो, चिवळ कुठली, तांदुळजा कुठला, ते आई शिकवते. तिथला पाला कोणाच्या आईने शिकवला होता? त्यात विषारी पाला खाऊन काही जण दगावले सुद्धा. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली, हिरड्या सुजून रक्त यायचं. गोऱ्या शिपायांना मैद्यामुळे बेरीबेरी झाला आणि आपल्या लोकांना आटा मिळत होता म्हणून तो झाला नाही पण भाजी-फळं-मांस नसल्याने स्कर्व्ही झाली, हे पुढे डॉक्टरांच्या अभ्यासाचा विषय झालं.

मांस होतं, पण ते घोड्याचं. पलटणीतली घोडी-खेचरं कापायला सुरुवात झाली तेव्हा गोऱ्यांनी खाल्लं, हिंदी शिपायांनी बहुतेकांनी नाकारलं. धर्म जाईल, गावात वाळीत टाकतील, पोरींची लग्नं होणार नाहीत. मग सरकारने हिंदुस्तानातल्या धर्मगुरूंकडून तारा मागवल्या की अशा संकटात खाल्लं तर दोष नाही. तरीही लोक अडून बसले, आणि पुष्कळांनी एप्रिल उजाडेपर्यंत, म्हणजे शरीर पार खंगल्यावर, तोंडाला लावलं. इंग्रजी पुस्तकांत या गोष्टीवर नेहमी जरा वैतागलेल्या सुरात लिहिलेलं असतं, हे हट्टी लोक, खाल्लं असतं तर वाचले असते. मला तो सूर सहन होत नाही. बकरं, कोंबडी खाणारीच माणसं होती ही. पण घोडा? ज्यांचा खंडोबा घोड्यावर बसून येतो, ज्यांच्या घरातले वीर घोड्यावर, त्यांना घोडा खायला सांगत होतात, तेही असल्या लढाईसाठी जी त्यांची नव्हतीच.

आणि म्हणूनच तो टाक बघितला की माझ्या पोटात कालवतं. आमचे वीर घोडेस्वार नव्हते, पायदळातले शिपाई होते. त्यांनी कुतला घोड्याचं मांस खाल्लं की नाही, ते खाऊन आणखी वर्षभर जगले की न खाता लवकर खचले, हे त्यांनाच ठाऊक. पण घरच्यांनी त्यांना घडवून घेतलं ते घोड्यावर, तलवार घेऊन. सोनाराकडे साचा तसाच होता. उपाशी माणसाचा साचा कुठल्या सोनाराकडे असणार? आपल्या गावोगावच्या वीरगळी बघा, खालच्या कप्प्यात लढाई, मधल्यात अप्सरा उचलून नेतायत, वरती कैलासात शिवाची पूजा. लढाईत पडलेल्याची वर जायची वाट आपल्याकडे दगडात कोरून ठेवलीय. कैदेत हगवणीने मेलेल्याची नाही.

29 एप्रिल 1916ला या फौजेच्या सेनापतीने, जनरल टाऊनशेंडने, शरणागती पत्करली. त्याआधी वीस लाख पौंड देऊन फौज सोडवता येते का असाही प्रयत्न झाला होता, तुर्कांनी तो झिडकारला. 13 हजारांहून जास्त माणसं कैद झाली, त्यात सात हजाराच्या आसपास हिंदी शिपाई आणि तीन हजारांवर बिनलढाऊ लोक, म्हणजे भिस्ती, धोबी, भंगी, खेचरवाले, स्वयंपाकी, डोलीवाले. फार आजारी असलेल्या हजारभर लोकांना बदल्यात सोडून बसऱ्याला पाठवलं. बाकीच्यांना चालवलं.

टाऊनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला, नोकर मिळाले, युद्ध संपेपर्यंत तो आरामात राहिला. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा होता, त्याला परत पाठवायची परवानगी तुर्कांनी दिली आणि तो कुत्रा सुखरूप इंग्लंडला पोचला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. कुत्र्यावर माझा राग नाही. पण ज्या माणसाच्या हुकमावर हे हजारो लोक तिथे गेले त्याने नंतर त्यांच्यासाठी आवाज उठवला असता तर काही फरक पडला असता असं मला वाटतं, आणि त्याने तो उठवला नाही हे मी त्याला माफ करू शकत नाही.

ऑफिसर वेगळे केले, शिपाई वेगळे. हिंदी मुसलमान शिपायांना तुर्कांनी बाजूला काढलं, ते आपल्या बाजूने येतील अशी आशा होती. म्हणजे सातारच्या दोन गावांतले दोघे, एक मराठा एक मुसलमान, दीड वर्ष एका खंदकात बसलेले, ते तिथे तुटले. पहिल्या मुक्कामात तुर्कांनी जाडी कडक बिस्किटं दिली, महिनोन्महिने उपाशी असलेल्या लोकांनी ती अधाशासारखी खाल्ली आणि पोट बिघडून शेकडो माणसं पहिल्या आठवड्यातच गेली. मग बगदाद, तिथून समारापर्यंत रेल्वे, आणि तिथून पुढे पायी. तिक्रित, मोसुल, नुसैबिन, रास अल-ऐन. नकाशावर मोजलं तर सहाशे किलोमीटरच्या आसपास भरतं, पुण्याहून नागपूरला चालत निघण्यासारखंच जवळजवळ. मे-जूनचं ऊन, पायात बूट नाहीत कारण भाकरीसाठी विकले किंवा पहारेकऱ्यांनी काढून घेतले, मागे राहिला त्याला फटके, अगदीच पडला तर तिथेच सोडून पुढे. वारीला चालणारे आम्ही लोक, दर मुक्कामाला कोणीतरी पाणी, कोणी झुणका-भाकर घेऊन उभं असतं. त्या वाटेवर त्यांच्यासाठी कोण उभं होतं?

रास अल-ऐन हे तेव्हा बगदाद रेल्वेचं टोक. जर्मन इंजिनियर बर्लिनपासून बगदादपर्यंत रेल्वे टाकत होते आणि रूळ तिथवर आले होते. गोऱ्या कैद्यांना जास्त करून पुढे डोंगरातल्या बोगद्यांच्या कामावर नेलं, हिंदी कैदी मोठ्या संख्येने रास अल-ऐनला ठेवले, रूळ पुढे नुसैबिनकडे न्यायचं काम. आणि याच गावाला त्याच काळात तुर्कांनी हाकलून आणलेल्या आर्मेनियन लोकांच्या छावण्या होत्या, बायका, पोरं, म्हातारे, आणि ती माणसं तिथे हजारोंनी मारली गेली. आमचे वीर तिथे पोचले तेव्हा त्याच्या खुणा आजूबाजूला होत्याच. माणसाच्या नजरेने किती बघावं याला काही मर्यादा असावी.

गोऱ्या शिपायांपैकी शंभरातले सत्तर कैदेत मेले. हिंदी शिपायांचं प्रमाण त्याहून कमी होतं, पण मेले हजारोंनी, आणि कितीतरी जणांच्या नावापुढे मेला असंसुद्धा लिहिता आलं नाही, पत्ता नाही एवढंच.

इथे एका माणसाबद्दल लिहायलाच हवं. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी, कलकत्त्याचे डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. तेही कुतच्या वेढ्यात होते, कैद झाले, रास अल-ऐनला कैद्यांवर उपचार करत राहिले आणि 1917च्या मार्चमध्ये तापाने तिथेच गेले. घरी त्यांची पत्रं येत होती, त्यात या युद्धाबद्दल, साम्राज्याच्या हव्यासाबद्दल स्पष्ट राग आहे. पुढे त्यांच्या आजीने, ऐंशीच्या घरात असताना, ती पत्रं घेऊन नातवाचं चरित्र बंगालीत लिहिलं आणि 1928 साली ते छापलं गेलं. बंगालमधूनच गेलेल्या रुग्णसेवा पथकातल्या एका तरुणाने कैदेतल्या नोंदी बुटात लपवून आणल्या. रास अल-ऐनबद्दल आज जे काही आपल्या बाजूने कळतं ते बरंचसं या दोघांमुळे. त्या आजीबद्दल मला जे वाटतं ते शब्दात येत नाही. नातू गेल्यावर त्या वयात लिहायला बसायचं, पत्रं लावायची, तारखा जुळवायच्या.

आमच्या काकींना लिहिता येत नव्हतं. वीरांनाही नव्हतं. पलटणीत कोणीतरी कारकून-मुन्शी पत्र लिहून द्यायचा, गावात मास्तर वाचून दाखवायचे, मधे सेन्सॉर, त्यामुळे त्या पत्रांत 'इकडे सर्व खुशाल, पैसे पोचले का, म्हैस व्याली का' याच्यापलीकडे काय असणार? तीसुद्धा आता नाहीत. त्यामुळे आमच्या घरात फक्त एका तोंडी निरोपावर सगळं उभं आहे. 1919 साली शेजारच्या गावचा एक शिपाई कैदेतून परत आला, हाडांचा सापळा होऊन, आणि भेटायला आला. तो म्हणाला, रास अल-ऐनला होतो बरोबर, हगवण लागलेली होती, मला दुसऱ्या कामावर नेलं तेव्हा पडूनच होता, पण जिवंत होता.

पण जिवंत होता. या तीन शब्दांवर काकींनी बारा वर्षं कुंकू लावलं.

सरकारी कागद आला होता, मृत समजण्यात येत आहे असा. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्राँझची एक गोल थाळी यायची, बशीएवढी, ब्रिटानिया आणि सिंहाचं चित्र, कडेने इंग्रजीत लिहिलेलं की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला, आणि मेलेल्याचं नाव. तीही आमच्याकडे आली होती. काकींनी ती कधी हातात धरली नाही म्हणे. सासऱ्यांच्या आजीने ती उतरंडीच्या खालच्या मडक्यावर झाकण म्हणून वापरली आणि बहात्तरच्या दुष्काळात ती मोडीत गेली, पाच-सहा रुपये आले असतील. लोकांना याचं वाईट वाटतं, एवढी ऐतिहासिक वस्तू घालवली म्हणतात. मला अजिबात वाटत नाही. पारतंत्र्यातल्या माणसाला स्वातंत्र्यासाठी मेला असं लिहून पाठवलेली थाळी, तिने निदान एका दुष्काळात घरात चार दिवसांची ज्वारी आणली.

बारा वर्षं झाल्यावर भावाने दर्भाचा पुतळा करून विधी उरकला, टाक करून घेतला, काकींचं कुंकू पुसलं. सासूबाई सांगतात, काकी म्हणायच्या, मला विधवा सरकारने केली नाही, तुर्कांनी केली नाही, भटजींनी केली. यात भटजींचा दोष नव्हता, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्या दिवशी तिकडे माणूस गेला त्या दिवशी इकडे घरात काहीच झालं नव्हतं, चूल पेटली, गुरांना पाणी पाजलं, काकींनी कदाचित वेणी घातली असेल.

आता स्मारकाचं. इराकमध्ये बसऱ्याला 1929 साली एक मोठं स्मारक झालं, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या मुलखात, मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांवर लोकांचं. ते आधी नदीकाठी होतं, 1997 साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्याला, शहरापासून तीसेक किलोमीटरवर वाळवंटात नेऊन बसवलं. तर या स्मारकावर गोऱ्यांची नावं आहेत, शिपायापासून वरपर्यंत. हिंदी लोकांत सुभेदार-जमादार अशा अंमलदारांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची नाहीत, तिथे पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके हिंदी शिपाई' असा नुसता आकडा. असे आकड्यात गेलेले लोक 33 हजारांहून जास्त. गोरा शिपाई आणि काळा शिपाई एकाच वाटेवर, एकाच हगवणीने मेले, आणि दगडावर एकाला नाव आणि दुसऱ्याला बेरीज. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ कमिशनने 2021 साली स्वतःच समिती नेमून हे कबूल केलं, माफी मागितली. नावं रजिस्टरमध्ये होती, ती आता वेबसाईटवर शोधता येतात.

मी शोधली. बघा, आपल्याकडे नाव आणि आडनावं किती ठरलेली, त्यात इंग्रजी कारकुनाने कानाला पडेल तसं लिहिलेलं, त्यामुळे आमच्या वीरांच्या नावा-आडनावाचे लोक या मराठा पलटणींमध्ये एकाहून जास्त निघाले. सुरुवातीला मला आमचेच कोणते ते ठरवायची घाई झाली होती, तारीख मिळाली तर तिथी काढता येईल, म्हणजे दरवर्षीचा वाद तरी मिटेल. नंतर ती घाई गेली. एकाच नावाची ती सगळी माणसं एकाखाली एक वाचताना मला वाटायला लागलं की आपलाच वेगळा काढून बाकीच्यांना परत आकड्यात ढकलण्यात काय अर्थ आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मग पान एक वाढव, आणि आता अमावस्येला एक पान जास्त असतं. भात, कढी, गवारीची भाजी, वडे, खीर. वाढताना त्या नेहमी म्हणतात, अजून वाढ.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. साताऱ्याकडच्या पुष्कळ गावांत चावडीला किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते, या गावातून महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतके मेले. अपशिंगे गावचं नाव सगळ्यांना माहीत आहे, तिथले 46 जण त्या एका युद्धात गेले. आमच्या गावातही पाटी आहे, लहान, रंगरंगोटीत अर्धी बुजलेली, फक्त आकडे, नाव एकाचंही नाही. आता तरुण पोरांनी ठरवलंय की त्या पाटीशेजारी नावांचा दगड लावायचा. घरोघर फिरून नावं गोळा केली, माझा पुतण्या त्यात पुढे आहे. चांगलं काम आहे.

पण परवा बैठकीत मजकूर ठरत होता, 'रणांगणावर शौर्याने लढताना वीरमरण आलेले', आणि खाली सगळी नावं सरसकट. मी उठून बोलले. म्हटलं, आमच्या घरातल्याला रणांगणावर मरण आलं नाही. तो लढला होता, शैबाला, सलमान पाकला, ते लिहा. पण मेला तो कैदेत, भुकेने आणि आजाराने, आणि त्याच्यासारखे आणखीही असतील. एक जण म्हणाला, काकू, कशाला उगाच, हगवणीने मेला असं दगडावर लिहायचं का, पोरं वाचतील. मी म्हटलं वाचू द्या. वीरमरण लिहिलं की भूक, बूट नसलेले पाय, मागे सोडून दिलेली माणसं, सगळं झाकलं जातं, आणि ज्यांनी त्यांना तिथे धाडलं त्यांचीही सुटका होते. शौर्य नव्हतं असं मी कुठे म्हणते? पण ते टेसिफॉनच्या खंदकात जेवढं होतं तेवढंच मोसुलच्या रस्त्यावर एकेक पाऊल टाकण्यात होतं, आणि ते पाहायला तिथे एकही साहेब नव्हता, म्हणून त्याला पदक नाही.

दुसरा मुद्दा मी मांडला तो डोलीवाले, भिस्ती, खेचरवाल्यांचा. गावातल्या दोन घरांतले लोक पलटणीबरोबर गेले होते पण शिपाई म्हणून नाही, त्यांची नावं पहिल्या यादीत कोणी घेतलीच नव्हती. का घेतली नाहीत ते सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तीन हजारांवर असे लोक कुतला कैद झाले, त्यांच्या हातात बंदूकसुद्धा नव्हती. हा मुद्दा मात्र पोरांनी लगेच उचलून धरला, माझा पुतण्या त्याच संध्याकाळी त्या वस्तीवर जाऊन नावं घेऊन आला, एका घरात तर पणतूला सगळी हकीकत पाठ होती, आमच्यापेक्षा जास्त.

मजकुराचा निर्णय अजून व्हायचाय. 'कैदेत, भुकेने व आजाराने मृत्यू' असं ज्यांचं नक्की माहीत आहे त्यांच्या नावापुढे कोरायचं, असा माझा आग्रह आहे आणि सासूबाई माझ्या बाजूने आहेत, त्यामुळे बैठकीत फार कोणी मोठ्याने विरोध करणार नाही. अडचण काढली ती खर्चाची, दगड कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो. ती जास्तीची अक्षरं किती होतात ती मोजून सांगा म्हणाले मी, सगळ्या नावांपुढची, नुसती आमच्या घरची नाही, पैसे आम्ही देतो.